चुकायची खोली

तिला सगळे हॅलोताई म्हणत. खरं तर कंट्रोल रूममध्ये फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणायची मनाई होती. 'अ‍ॅम्ब्युलन्स सेवा, पत्ता सांगा,' एवढंच बोलायचं असा नियम. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिची घाबरगुंडी उडाली आणि ती नुसतीच 'हॅलो, हॅलो' करत बसली. शेवटी पलीकडचा माणूस ओरडला, "अहो बाई, मला ऐकू येतंय! माझ्या बापाला धाप लागलीय, त्याचं काय ते बघा!" त्याच्या बापाचं ठीक झालं. हिला मात्र नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिच्या अंगात एक कला होती. एकदा ऐकलेला आवाज तिला हुबेहूब काढता यायचा. खोकल्याने बेजार झालेला म्हातारा, नाकात बोलणारी शेजारीण, दारू पिऊन 'मी प्यायलोच नाही' सांगणारा गडी, सगळे तिच्या घशात मुक्कामाला होते. नवऱ्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं, माणूस तसा अबोल. पण पाहुण्यांसमोर हमखास म्हणायचा, "मी लग्न केलं एकीशी आणि घरात आली आख्खी आळी." मग भाची हट्ट धरून बसायची, "मामी, नाकातली बाई काढ ना!" आणि ती भाकरी भाजता भाजता नाकातली बाई काढायची.

कंट्रोल रूम म्हणजे एक लांबलचक हॉल. खिडकी नाही, दिवस की रात्र कळायचं नाही. कानाला लावायच्या हेडफोनचा स्पंज झिजून त्याचं भुस्कट केसांत अडकायचं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिच्याच बरोबर भरती झालेली एक मुलगी बसायची. हुशार, नीटनेटकी, अक्षर मोत्यासारखं. दोघींची गट्टी अशी जमली की एकीच्या डब्यातला घास दुसरीच्या तोंडात. एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल पुढे करायची. लोक त्यांना 'जोडी' म्हणायचे. "जोडी आली का?" "जोडी चहाला गेलीय."

त्या जोडीच्या पोटात एक गोष्ट होती. सुरुवातीच्याच काळातली. नदीच्या दोन्ही काठांना बाजारगल्ली नावाची एकेक गल्ली होती. एक जुनी, एक नवी, पण लोकांच्या तोंडी दोन्ही नुसत्या 'बाजारगल्ली'. एका बाईचा फोन आला, नवरा छातीला हात लावून खाली बसलाय. मैत्रिणीने गाडी पाठवली, पण चुकीच्या काठाला. गाडी पूल ओलांडून परत येईपर्यंत उशीर झाला होता. कुणी चौकशी केली नाही. त्या बाईलाही कधी कळलं नाही की गाडी आधी दुसरीकडे गेली होती. पण मैत्रीण मागच्या जिन्यात पायरीवर बसली आणि तिचे दात थंडी वाजल्यासारखे वाजू लागले.

"मी मारलं गं त्याला."

"तुला कुणी शिकवलं होतं का, की गल्ल्या दोन आहेत म्हणून? मलाही माहीत नव्हतं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं."

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"वेडी आहेस का?"

आणि हॅलोताईने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पण त्या पायरीवर बसल्या बसल्या तिच्या मनात एक विचार आला, तो मात्र कधीच गेला नाही. माणूस चुकणारच. मग त्याला आधी चुकायला एखादी जागा नको का, जिथे चुकल्याने कुणी मरत नाही?

वर्षं गेली. मैत्रीण परीक्षा देत देत वर चढली. प्रशिक्षण विभागाची प्रमुख झाली, 'मॅडम' झाली. हॅलोताई फोनवरच राहिली आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. तिला फोन आवडायचा. दोघींचा दुपारचा डबा तेवढा एकत्र राहिला, आता मॅडमच्या केबिनमध्ये.

नव्या मुलामुलींच्या तुकड्या भरती होऊ लागल्या होत्या. त्यांना शिकवायचं म्हणजे एक जाडजूड पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं. मुलं पुस्तक घडाघडा म्हणायची, परीक्षेत पास व्हायची आणि पहिल्या खऱ्या फोनला त्यांची जीभ टाळूला चिकटायची. एके दिवशी डबा खाताना हॅलोताई म्हणाली, "अगं, पोहायला शिकवतेस आणि पाणी दाखवत नाहीस, असं चाललंय तुझं. मला एक खोली दे."

"कशाला?"

"खेळायला."

मॅडम हसली. पण तिने खोली दिली. सामानाच्या कोठारामागची, मोडक्या खुर्च्या टाकायची. हॅलोताईने नवऱ्याला आणून मधोमध प्लायवुडची आडभिंत ठोकून घेतली. अलीकडे एक टेबल, फोन आणि हेडफोन. पलीकडे दुसरा फोन, एक उशी आणि ती स्वतः. भिंतीवर एका गावाचा नकाशा लावला, तिने स्वतः रंगवलेला. असं गाव कुठेच नव्हतं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'खोटं गाव'. त्या गावात नदी होती, पूल होता, शाळा, पिठाची गिरणी, सारख्या दिसणाऱ्या इमारतींची एक रांग. आणि नदीच्या दोन्ही काठांना एकेक बाजारगल्ली.

खेळ असा. मुलाने टेबलाशी बसायचं. पलीकडून हॅलोताई फोन करणार आणि त्या गावातली कुणीही होणार. चिडलेला दुकानदार, जो पत्ता विचारल्यावर म्हणतो, "तिथेच हो, नेहमीच्या ठिकाणी! किती वेळा सांगू?" कुत्र्यासाठी अ‍ॅम्ब्युलन्स मागणारे आजोबा, ज्यांना कुत्राही नसतो, फक्त बोलायला कुणीतरी हवं असतं. नवऱ्याचं दुखणं बाजूला ठेवून सासूच्या तक्रारी सांगत सुटणारी सूनबाई. मुलाने पत्ता काढायचा, दुखणं ओळखायचं, गाडी पाठवायची आणि गाडी येईपर्यंत त्या माणसाला फोनवर धरून ठेवायचं. बाकीची तुकडी मागे बाकांवर बसून ऐकायची.

फोन झाला की सगळे गोल बसायचे. फोनची टेप एकदा वाजवायची. कुठे घसरलं, का घसरलं, यावर बोलायचं, हसायचं, कधी रडायचंही. आणि मग सगळ्यांच्या देखत टेप पुसायची. हा तिचा नियम होता. पहिल्या दिवशी प्रत्येक तुकडीला ती एकच वाक्य सांगायची, "पोरांनो, इथे माणसं मेली तरी चालतील. इथे जितकी मारायची तितकी मारून घ्या, म्हणजे बाहेर मरणार नाहीत. आणि इथलं इथेच राहील. हा माझा शब्द."

मुलं त्या खोलीला 'चुकायची खोली' म्हणू लागली आणि हॅलोताईही फोन सोडून पूर्णवेळ तिथलीच झाली. कुणी खोट्या गावाचा आख्खा पूल बुडवला, कुणी बाळंतिणीच्या घरी आगीचा बंब धाडला. बाजारगल्लीच्या सापळ्यात तर प्रत्येकाचा पाय अडकायचाच. पण एकदा अडकला की जन्मात पुन्हा अडकायचा नाही. खऱ्या हॉलमध्ये गेल्यावर ती मुलं पत्ता विचारताना आधी म्हणायची, "नदीच्या कुठल्या बाजूला?" ते कानावर पडलं की हॅलोताईचं मन भरून यायचं.

मग एका वर्षी मॅडमने खोलीत नवी यंत्रणा बसवून दिली. जुना टेपरेकॉर्डर गेला, त्याजागी कॉम्प्युटर आला. हॅलोताईने विचारलं होतं, "यात पुसायचं कसं?"

"हे लाल बटण. दाबलंस की पुसलं. तुझ्या टेपसारखंच."

"नक्की ना?"

"पुसलं की पुसलं, बाई! माझ्यावर विश्वास नाही का?"

विश्वास नव्हता असं कधी झालंच नव्हतं.

त्यानंतर वर्षभराने आलेल्या तुकडीत एक मुलगी होती. ती इतकी हळू बोलायची की शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'पुटपुटी' ठेवलं. घरी आई आणि ती, दोघीच. आधी एका लाँड्रीत कपडे मोजून घ्यायचं काम करायची. पाठांतरात पहिली, पण फोन हातात आला की आवाज पोटात जाऊन बसायचा. त्याच तुकडीत पूर्वी बसवर कंडक्टर असलेला एक गडी होता. त्याच्या आवाजाने प्लायवुड हलायचं. तो म्हणायचा, "ताई, माझा अर्धा आवाज काढून हिला द्या, दोघांचंही भलं होईल."

हॅलोताईने पुटपुटीला मुद्दाम अवघड फोन द्यायचं ठरवलं. तिला वाटायचं, या मुलीचा आवाज भीतीने बसलाय. भीतीच्या तळाशी एकदा हात लागला की तो वर येईल.

तिने डोळे मिटले आणि लहान मुलाचा आवाज काढला.

"काकू, आई उठत नाहीये."

"पत्ता... पत्ता सांग, बाळ."

"आमच्या घरी."

"घर कुठे आहे?"

"इथेच."

"इथे म्हणजे कुठे?"

"इथे कुत्रा आहे. काकू, आई निळी दिसतेय."

बाकांवर कुणी हललं नाही. पुटपुटी काहीतरी बोलली, पण ते तिचं तिलाच ऐकू गेलं असेल. नंतर तेही थांबलं. फोनवर नुसता श्वास. मग हुंदका. पोर "काकू? काकू?" म्हणत राहिलं आणि शेवटी हॅलोताईने, ठरल्याप्रमाणे, फोन खाली ठेवला.

खोट्या गावातली ती आई मेली. गोलात बसल्यावर पुटपुटी हातात तोंड लपवून रडली. कंडक्टर खाकरून म्हणाला, "अगं, मी काल अख्खी शाळा बुडवलीय. तू तर एकच बाई." ती रडता रडता फिस्सकन हसली. हॅलोताईने लाल बटण तिलाच दाबायला लावलं. "पूस. गेलं. आता सांग, त्या पोराला काय विचारता आलं असतं?"

दोन दिवस त्यावर बोलणं झालं. मग तोच फोन पुन्हा. या वेळी पुटपुटीने श्वास घेतला आणि म्हणाली, "राजा, दाराशी जा आणि मोठ्याने सांग, बाहेर काय काय दिसतंय?" पोराने सांगितलं, निळं दुकान, चक्की, खूप पिशव्या. "चक्कीच्या बाजूचं घर! गाडी निघाली. आता आईच्या नाकापाशी गाल ने." हा आवाज कुणाचा, असं बाकांवरच्यांनी माना उंचावून पाहिलं. स्वच्छ, ठाम, मायेचा. आडभिंतीपलीकडे हॅलोताईला लहान पोराच्या आवाजात रडायचं होतं, ते सोंग घ्यायची गरजच पडली नाही.

आणि मग तो दिवस आला. प्रशिक्षण संपायला आठवडाभर होता. हॅलोताई डबा घेऊन, रोजच्यासारखी, मॅडमच्या केबिनकडे निघाली होती. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला.

"काकू, आई उठत नाहीये."

तिला आधी वाटलं, आत कुणाचं तरी पोर रडतंय. ती घाईने पुढे झाली. मग तिच्या ध्यानात आलं की तो आवाज तिचाच आहे. जो आवाज तिने, पुटपुटीने आणि सगळ्या तुकडीने मिळून पुसला होता, तो लोटलेल्या दाराआड बोलत होता. त्यामागून तो श्वास. तो हुंदका. "काकू? काकू?"

मग खट्ट आवाज झाला, रेकॉर्डिंग थांबवल्याचा. मॅडमचा शांत स्वर. "हे तुमचंच आहे ना? मग आम्ही तुम्हाला हॉलमध्ये कसं बसवायचं, तुम्हीच सांगा."

दार उघडलं. पुटपुटी बाहेर आली. तिचा चेहरा कोरा कागद. हातात डबा घेऊन उभ्या असलेल्या हॅलोताईकडे तिने पाहिलं. मग केबिनकडे पाहिलं. मग पुन्हा हिच्याकडे. दोन्हीचा हिशोब तिने काय लावला, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. ती बाजूने निघून गेली.

"अगं, थांब!" हॅलोताई म्हणाली. ती थांबली नाही.

हॅलोताई केबिनमध्ये गेली. डबा टेबलावर ठेवला नाही, हातातच धरला.

"हे तुझ्याकडे कसं?"

मॅडमने चष्मा काढून पुसला. "बस आधी."

"कसं आलं तुझ्याकडे?"

"बटण दाबलं की तुझ्या खोलीतलं पुसलं जातं. इथे राहतं. वर्षभर राहतंय." तिने डोळे वर केले नाहीत. "वरून हुकूम आहे, या तुकडीतले तिघं कमी करा. लेखी परीक्षेत सगळेच पास. मग मी कशावरून ठरवू? चेहरे बघून?"

"मी त्यांना शब्द दिलाय."

"तू दिलास. मी नाही दिला."

"मला तू दिलास! पुसलं की पुसलं, म्हणालीस. याच तोंडाने."

मॅडमने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग जे बोलायचं ते ती नीट, समजावणीच्या सुरात बोलली, आणि तेच हॅलोताईला जास्त लागलं. "हे बघ, उद्या तुझ्या आईला काही झालं आणि फोन या मुलीने उचलला, तर तुला चालेल? खरं सांग."

"चालेल. कारण तिने तोच फोन नंतर असा घेतला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ते ऐकलंस? तेही असेलच ना तुझ्या पेटीत?"

"ऐकलं."

"मग?"

"फोनवर पहिलीच वेळ असते, बाई. दुसरी कुणाला मिळत नाही."

हॅलोताईच्या तोंडून निसटलं, "तुला मिळाली होती."

हे वाक्य तिने इतक्या वर्षांत कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. मॅडम उठली, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आलीस शेवटी तिथे," ती म्हणाली. "वाटच बघत होते मी. तो नकाशा तू कशासाठी काढलास ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? दोन बाजारगल्ल्या. त्या खोलीत पाय टाकला की समोर त्या. प्रत्येक तुकडी त्यात पडते, तू हसतेस, पोरं हसतात. आणि मी दारात उभी. माझ्या नाकावर टिच्चून चाललं होतं ना ते?"

हॅलोताईला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा तिने डबा छातीशी घट्ट धरला. ज्या गल्ल्या तिने एवढ्यासाठी काढल्या होत्या की मैत्रिणीवर जे गुदरलं ते पुन्हा कुणावर गुदरू नये, त्या गल्ल्या मैत्रीण इतकी वर्षं टोमणा म्हणून वाचत आली होती. रोज तिच्या डब्यातला घास खात होती आणि रोज मनात तिला घाबरत होती.

"असं वाटलं तुला?" ती एवढंच म्हणाली. "मग एकदा विचारायचं तरी होतंस."

"तू कधी सांगशील याचा नेम होता का?"

"नाही सांगितलं आजवर. आताही नाही सांगणार. पण त्या मुलीला काढू नकोस."

"झालंय ते. सही झाली."

हॅलोताई बाहेर आली. डबा तिने कंडक्टरच्या हातात दिला आणि म्हणाली, "खा तू. मला भूक नाही."

दुसऱ्या दिवशी तुकडीच्या बाकांवर तीन जागा रिकाम्या होत्या. उरलेल्यांसमोर उभं राहून तिने सगळं सांगितलं. यंत्रात साठत होतं, मला ठाऊक नव्हतं, मी दिलेला शब्द मोडला गेलाय. कंडक्टर म्हणाला, "ताई, आमचा तुमच्यावर विश्वास आहे." पण तो जमिनीकडे बघत बोलला. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "म्हणजे हे आता पण रेकॉर्ड होतंय?"

"हो," हॅलोताई म्हणाली. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

त्या दिवशी खेळ झाला खरा, पण त्यात जीव नव्हता. कुणी चुकलंच नाही. तिने एकटे आजोबा काढले, कुत्र्याची गोष्ट लावली. समोरच्या मुलीने दोन वाक्यांत, नियमाप्रमाणे, "आपला फोन तातडीचा नसल्याने बंद करत आहोत" म्हणून फोन ठेवला. तिने पोर काढलं, त्यालाही नियमाप्रमाणे प्रश्न आले, पाठ केलेल्या क्रमाने. पोर "घरी" म्हणालं, तरी पुढचा प्रश्न तोच. प्रत्येकाला माहीत होतं की भिंतीपलीकडे आता हॅलोताई नाही, केबिन बसलीय. जिथे चुकायची सोय नाही तिथे माणूस शिकत नाही, फक्त जपून वागतो.

ती वरच्या साहेबांकडे गेली. त्यांनी आदराने बसवलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा खेळ फार उपयोगी आहे, ताई. निवडीला तर फारच. चालूच ठेवा." तिने तिथल्या तिथे सांगितलं, मला पुन्हा फोनवर घ्या. साहेबांना वाटलं, ही पगारवाढ मागायची तऱ्हा आहे.

घरी नवऱ्याने तिचा पडलेला चेहरा पाहून विचारलं, तेव्हा तिने पहिल्यांदाच सगळं सांगितलं. फक्त बाजारगल्ली सोडून. तेवढं तिने अजूनही पोटातच ठेवलं. तो बराच वेळ पेचकसाशी खेळत बसला. मग म्हणाला, "त्या मुलीकडे जाऊन ये. ती ऐको न ऐको."

ती गेली. जिना अरुंद होता, कठड्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या. दार आईने उघडलं. ओळख सांगितल्यावर तिने दारातूनच आत हाक मारली आणि इस्त्रीच्या टेबलाशी परत गेली. बसा म्हणाली नाही. पुटपुटी बाहेर आली, दार मागे लोटलं आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

हॅलोताईने पाठ करून आणलेलं काहीच आठवेना. "मला माहीत नव्हतं गं. मलाही फसवलं. मी तुझ्यासाठी भांडले, वर जाऊन आले. तू तिथली सगळ्यात चांगली ऑपरेटर झाली असतीस. मला माफ कर."

पुटपुटीने सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या त्या नेहमीच्या, कान देऊन ऐकावा लागणाऱ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही आवाज फार छान काढता, ताई. आत्ता हा कुठला काढताय, तेवढं मला कळत नाहीये."

हॅलोताईने तोंड उघडलं आणि तिला भीती वाटली की आता जे बाहेर येईल ते सोंगासारखंच वाटेल, तिला स्वतःलासुद्धा. ती चादरींच्या मधून वाट काढत खाली उतरली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा हॉलमध्ये आली, तशाच एका झिजलेल्या स्पंजच्या हेडफोनपाशी. खोली चालू राहिली. आता तिथे छापील फोन असतात, एक मुलगा ते कागदावरून वाचून दाखवतो आणि गुण मांडले जातात. नकाशा भिंतीवरून उतरवलाय, तो कुणी उतरवला हे तिने विचारलं नाही. कंडक्टर हॉलमध्ये तिच्या मागच्या रांगेत बसतो आणि अडला की खुर्ची ढकलत तिच्याकडे येतो. पण तोही आधी इकडे तिकडे बघून घेतो.

घरी आवाज काढणं बंद झालं. भाचीने बरेच दिवस हट्ट केला, मग सोडून दिला. नवरा पाहुण्यांसमोरचा तो विनोद आता करत नाही.

पुटपुटी पुन्हा कधी भेटायला आली नाही. एकदा बाजारात हॅलोताईने तिला लांबून पाहिलं. नव्या, मोठ्या लाँड्रीच्या काउंटरवर होती आणि एका अरेरावी करणाऱ्या गिऱ्हाइकाला खणखणीत आवाजात सुनावत होती. आजूबाजूचे वळून बघत होते. हॅलोताई भाजीच्या गाडीआड उभी राहून ऐकत राहिली. पुढे जावंसं वाटलं, पण गेली नाही.

आणि जोडी? जोडी लोकांच्या लेखी अजून आहे. चहाच्या मशीनपाशी दोघी समोरासमोर येतात तेव्हा मॅडम विचारते, "काय गं, बरं आहे ना?" ही म्हणते, "बरं आहे." कप भरेपर्यंत दोघी शेजारी उभ्या राहतात, मॅडम दाराकडे बघते, ही मशीनकडे. परवा नव्या तुकडीतली एक मुलगी कौतुकाने म्हणाली, "ताई, तुमची आणि मॅडमची मैत्री म्हणे फार जुनी? जिवाला जीव देणारी?"

"जुनी आहे," हॅलोताई म्हणाली, आणि समोर वाजणारा फोन घेतला.